अकरा फळ्यांची भिंत

आमच्या खात्यात ज्याच्या वाट्याला पूल आला तो रुबाबात फिरायचा, ज्याला रस्ते मिळाले तो निदान जीपमधून फिरायचा, आणि ज्याला शाळाखोल्या मिळाल्या त्याच्याकडे लोक जरा दयेनंच बघायचे. मला नोकरीभर शाळाखोल्या मिळाल्या. धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत मिळून मी किती खोल्यांचे नकाशे काढले ते मोजलेलं नाही, आणि आता पिंप्राळ्यात घरी बसून मोजण्यात अर्थही नाही. पण त्यातला एक नकाशा असा आहे की तो काढल्याचा मला अभिमान वाटतो आणि त्यावर लिहिलेल्या एका ओळीची लाज वाटते. तेवढंच सांगतो.

आधी धंदा समजावून सांगायला हवा. लहान गावची शाळा म्हणजे पहिली ते चौथी, दोन खोल्या, पुढे ओटा, दोन शिक्षक. वरून छापील नकाशा यायचा आणि तो सगळीकडे सारखाच. दोन खोल्यांमध्ये नऊ इंची भिंत, प्रत्येक खोलीला एक दार, खिडक्या मोठ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर. मुलं जमिनीवर बसतात हे त्या नकाशा काढणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसावं! खाली बसलेल्या पोराला त्या खिडकीतून ना वारा लागतो ना उजेड. म्हणून माझ्या हातात होतं तिथं मी खिडकी खाली ओढायचो, फळा खाली घ्यायचो, आणि उजेड मुलांच्या डाव्या हाताकडून येईल असं बघायचो, म्हणजे लिहिताना वहीवर स्वतःच्याच हाताची सावली पडत नाही. साहेब विचारायचे, हे कोणत्या नियमात आहे? मी म्हणायचो, खाली बसून बघा एकदा. कोणी बसलं नाही.

पण खरी अडचण त्या मधल्या भिंतीची होती. साक्रीकडच्या एका शाळेत मी मोजमापं घ्यायला गेलो होतो. तिथले एक गुरुजी आजारपणाच्या रजेवर. उरलेले गुरुजी दोन दारांच्या मधे ओट्यावर उभे. डावीकडे मान वळवून पाढा म्हणवून घ्यायचे आणि उजवीकडे वळवून 'गप्प बसा रे' म्हणायचे. तासभर मी तिथं होतो, तेवढ्या वेळात हा माणूस एकदाही आत गेला नाही, कारण एका खोलीत गेला की दुसरीत गोंधळ. मला म्हणाले, "साहेब, भिंत बांधताय ती बांधा, पण तिला जरा मधून मधून नसता येईल का?" मी हसलो. घरी येईपर्यंत हसू विरलं, आणि तो प्रश्न मात्र डोक्यातून जाईना.

मग मी नसता येणारी भिंत करायच्या मागे लागलो. पहिला प्रयोग साफ फसला. घडीचे लोखंडी दरवाजे, खाली रूळ. सहा महिन्यांत रुळात माती, शेंगांची टरफलं, खडूचे तुकडे, आणि दरवाजा अर्ध्यात अडकून बसलेला. पुढे पुष्कळ दिवस कचेरीत माझं नाव निघालं की कोणीतरी तोंडानं अडकलेलं दार ओढल्याचा आवाज काढायचं.

उत्तर सापडलं ते भडगावच्या बाजारात. एक जुनं किराणा दुकान होतं, शटर नसलेलं, फळ्यांचं. म्हातारे दुकानदार सकाळी एकेक फळी खाचेतून उचलून काढत होते आणि आत भिंतीला टेकवून ठेवत होते. प्रत्येक फळीवर रंगानं आकडा. मी विचारलं, आकडे कशाला? त्यांनी माझ्याकडे वेडा असल्यासारखं पाहिलं. "अहो, तिसरी फळी पाचवीच्या जागी घाला बरं. बसेल का?" मी गाडी तशीच उभी करून टेप काढला आणि त्यांच्या दुकानाच्या खाचा मोजायला लागलो. त्यांना वाटलं, अतिक्रमणवाले आले.

माझी भिंत अशी: मधल्या नऊ इंची भिंतीत चौदा फुटांची मोकळी जागा, वर तुळई, आणि त्या जागेत सागाच्या चौकटीत बसवलेल्या प्लायवूडच्या सव्वा सव्वा फुटी अकरा फळ्या. वरची खाच खोल, खालची उथळ. फळी वर ढकलायची, खालून सुटते, बाहेर घ्यायची. खालच्या खाचेची दोन्ही टोकं उघडी ठेवली, म्हणजे खराट्याची काडी फिरवली की माती बाहेर. दोन्ही बाजूंनी काळा रंग, म्हणजे प्रत्येक फळी पाटीच. फळ्या लावल्या की दोन वर्ग. काढल्या की एक दालन. चार विटांवर आडव्या ठेवल्या की बसून लिहायला बाक. तीन काढल्या तर मधे दार, आणि दारात उभ्या गुरुजींना दोन्हीकडे दिसतं. चौथीतली दोन मुलं एक फळी सहज उचलतात. प्रत्येक फळीवर, लहान मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर, पांढऱ्या रंगात आकडा, एक ते अकरा.

भडगावकडच्या एका सरपंचांनी नकाशा पाहून पहिला प्रश्न केला, "भाऊ, हाई भित निंघस ना? मंग मन्ही पोरना लगीनमा काढी देशात का?" मी म्हटलं, पोरीच्या लग्नाचा मांडव नाही, शाळा आहे हो ती! ते म्हणाले, मग एवढी निघणारी भिंत कशाला बांधता? त्यांच्या गावात ती भिंत झालीच नाही.

ती झाली यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर. तिथली वस्ती पावरा लोकांची. पावसावरची शेती, डोंगरातला मोह आणि डिंक, आणि उरलेले महिने खाली केळीच्या बागांत मजुरी. शाळेत मुख्याध्यापिका निर्मलाबाई होत्या, यावलहून बसनं येऊन पुढे दोन किलोमीटर चालत यायच्या. दुसरे गुलाब गुरुजी. ते शेजारच्याच पाड्यावरचे, स्वतः पावरा. हे महत्त्वाचं, कारण तिथली लेकरं घरात पावरी बोलतात. मराठी त्यांच्या कानावर पहिल्यांदा पडते ती शाळेत. निर्मलाबाई जीव तोडून शिकवायच्या, पण पहिलीच्या पोरानं पोट दुखतंय म्हटलं तरी त्यांना गुलाब गुरुजींना हाक मारावी लागायची. गुरुजी पहिली-दुसरी घ्यायचे, बाई तिसरी-चौथी.

आता ती ओळ. नकाशाच्या कोपऱ्यात टीप लिहायची असते, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळं काही केलं तर त्याचं कारण. मी कारण लिहिलं होतं: मुलांना मोकळं बसता यावं. आमच्या साहेबांनी ते वाचून चष्मा काढला. "मोकळं बसण्यासाठी फळ्यांचा खर्च कोण मंजूर करेल? काही वजनदार लिहा." मी बाहेर येऊन पाच मिनिटांत लिहिलं: 'आवश्यकतेनुसार फळ्या काढल्यास एकच शिक्षक चारही वर्गांवर लक्ष ठेवू शकतो.' डोळ्यांपुढे साक्रीचे ते ओट्यावरचे गुरुजी होते. एखाद्या दिवशी दुसरा नसेल तर, एवढंच माझ्या मनात. पण 'एखाद्या दिवशी' हे दोन शब्द मी लिहिले नाहीत. टीप आटोपशीर असावी अशी आमची शिस्त. साहेब खूश झाले, नकाशा मंजूर झाला.

शाळा उघडली त्या जूनमध्ये मी दोन वेळा तिथं गेलो, काम नसताना. काय सांगू, असं सुख नोकरीत दुसरं नाही. गुलाब गुरुजींनी त्या आकड्यांचा खेळ केला होता. सकाळी फळ्या काढताना पहिलीची पोरं ओळीनं उभी राहायची. फळी हलली की गुरुजी आकडा पावरीत म्हणायचे आणि पोरांनी तो मराठीत ओरडायचा. सगळ्यांत मोठा आवाज रुमली नावाच्या पोरीचा. सहा वर्षांची, केस तेल लावून चप्प बसवलेले, पुढचे दोन दात पडलेले. अकराव्या फळीला ती इतक्या जोरानं 'अकरा' म्हणायची की निर्मलाबाई पलीकडून म्हणायच्या, "अगं, हळू! फळी पडेल." मी ओट्यावर बसून बघत राहिलो. साहेबांचा फोन आला तर घेतला नाही.

त्या वर्षी संक्रांतीच्या मागं-पुढं मी परत गेलो, ते मात्र तोऱ्यात. धुळ्याकडच्या चौदा शाळांसाठी माझा नकाशा घ्यायचं चाललं होतं, मार्चअखेर मंजुरी व्हायची होती, आणि त्याआधी फोटो पाठवायचे होते. मी कॅमेरा घेऊन आत शिरलो आणि जागीच थांबलो. अकराच्या अकरा फळ्या लावलेल्या, आणि त्यांच्यावर आडव्या दोन जाड पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या. चांगले चार-चार इंची खिळे. दोन फळ्यांच्या सागाच्या चौकटी चिरल्या होत्या.

माझं डोकंच फिरलं. मुलांसमोर, त्या बाईंच्या तोंडावर मी नको ते बोललो. एवढी मेहनत घेऊन करून दिलं, तुम्हा लोकांना चांगलं काही नकोच, कळत नसेल तर विचारावं तरी, असलं पुष्कळ. निर्मलाबाई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या. त्यांनी कपाट उघडलं, फाइल काढली आणि एक कागद माझ्या हातात दिला.

गुलाब गुरुजींना दिवाळीच्या सुट्टीनंतर खालच्या एका मोठ्या गावच्या शाळेत कामगिरीवर पाठवल्याचा तो आदेश होता. कामगिरी म्हणजे माणसाची नेमणूक एकीकडे ठेवायची आणि त्याच्याकडून काम दुसरीकडे करून घ्यायचं. कारणाच्या जागी लिहिलं होतं: सदर शाळेची इमारत अशा प्रकारे बांधण्यात आली आहे की आवश्यकतेनुसार फळ्या काढल्यास एकच शिक्षक चारही वर्गांवर लक्ष ठेवू शकतो. माझी ओळ, काना-मात्रेसकट.

तेवढ्यात शाळा समितीचे अध्यक्ष आत आले. सगळे त्यांना आबा म्हणत. माझा आवाज त्यांना बाहेर ऐकू गेला होता. घरात पावरी, पण आमच्यासारख्यांशी ते खानदेशी बोलायचे. म्हणाले, "भाऊ, बाईले काही बोलू नका. खिळा आम्ही ठोकात. बठ्ठास्नी मिळीसन." म्हणजे सगळ्या पाड्यानं मिळून. मग त्यांनी फळीवर हात ठेवला. "भित उघडी ऱ्हायनी तं एक मास्तर. भित बंद ऱ्हायनी तं दोन मास्तर. आम्हले दोन मास्तर पाह्यजेत."

मी विचारलं, पोरं कुठं आहेत पहिलीची? बाई म्हणाल्या, "येतात साहेब, कधी दोन, कधी तीन. मी बोलते ते त्यांना कळत नाही, ती बोलतात ते मला कळत नाही. थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघतात आणि उठून जातात. मी कोणत्या तोंडानं थांबवू?" रुमलीचं विचारलं. ती आठवड्यातून एखादा दिवस यायची, फळ्यांसमोर उभी राहायची आणि फळ्या निघत नाहीत असं दिसलं की निघून जायची. बाकीचे दिवस आईबरोबर केळीच्या बागेत, धाकट्या भावाला सांभाळायला.

निघताना आबा माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आले. "तुम्ही इंजिनेर शेतस. तुम्ही लिखी द्या, हाई भित उघडत नही. मंग त्या मास्तर परत धाडतीन." मी म्हटलं, बघतो. आमच्या नोकरीत 'बघतो' म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी हात जोडले. मला अगदी लाजल्यासारखं झालं.

मी बघितलं ते असं. साहेबांना म्हटलं, नकाशावरची टीप काढून टाकू या. ते म्हणाले, "टीप काढली तर खर्चाला कारण काय? चौदा शाळा आहेत. मार्चअखेर होऊ द्या, मग बघू तुमच्या त्या एका पाड्याचं." आणि भिंत उघडत नाही असं मी लेखी दिलं तर? "तर नकाशा सदोष ठरला. संपलंच की मग." मी लेखी काही न देता बाहेर आलो. मनाशी हिशोब मांडला, एकीकडे एक शाळा, दुसरीकडे चौदा. दोन-अडीच महिन्यांचा तर प्रश्न. खोटं कशाला बोलू, त्या चौदा शाळांच्या नकाशाखाली माझी सही असणार याचाही मोह होता. ज्याच्याकडे लोक कायम दयेनं बघत आले अशा माणसाचा मोह होता तो.

होळी झाली. पावरा लोकांचा तो सगळ्यांत मोठा सण, आणि सण झाला की पुष्कळ कुटुंबं मजुरीला खाली उतरतात. त्यानंतर चार-पाच दिवसांनी निर्मलाबाईंचा फोन आला. त्या चिडलेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला कळवावं म्हटलं. पहिलीच्या वर्गात आजपासून हजेरी घेत नाही मी. नावं वाचत होते, पण 'हजर' म्हणायला कोणी नसायचं. भिंतीला नावं वाचून दाखवायची म्हणजे बरं नाही वाटत."

फोन ठेवला आणि समोर टेबलावर चौदा नकाशांची गुंडाळी पडली होती. तोपर्यंत मी त्या चौदा शाळा, चौदा भिंती असंच बघत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यात चौदा गुरुजी दिसले, आपापल्या सामानाची पिशवी घेऊन कामगिरीवर निघालेले. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात तीच ओळ होती. इतके दिवस हे सुचलं नाही याला काय म्हणावं!

मी कागद ओढला आणि लिहिलं: 'सदर शाळेतील फळ्यांची भिंत प्रत्यक्ष पाहणीत उघडत नसल्याचे आढळले. सदोष आराखड्यामुळे ती उघडण्यायोग्य करणे शक्य नाही. दोन्ही खोल्या कायमस्वरूपी स्वतंत्र समजाव्यात.' खाली सही केली, शिक्का मारला, आणि साहेबांच्या हातात न देता थेट आवक-जावकला देऊन क्रमांक घेतला, म्हणजे तो कागद कोणाला ड्रॉवरमध्ये विसरता आला नसता. सदोष हा शब्द लिहिताना हात थांबला होता. माझ्या उभ्या नोकरीत मी लिहिलेलं ते एकमेव धडधडीत खोटं, आणि ते माझ्या सगळ्यांत खऱ्या कामाबद्दल होतं.

व्हायचं ते झालं. चौदा शाळांना पुन्हा तोच छापील नकाशा गेला. साहेब पुढे बदली होईपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलले. कचेरीत तोंडानं दार ओढल्याचा तो आवाज परत सुरू झाला. आणि जूनमध्ये गुलाब गुरुजी पाड्यावर परतले. पहिल्याच दिवशी त्यांनी आणि आबांनी मिळून खिळे उपसले. तेव्हापासून तिथं रोज सकाळी फळ्या निघतात आणि कोणी तपासायला येणार असं कळलं की परत लागतात. माझं आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम सरकारदरबारी नादुरुस्त आहे, आणि नादुरुस्त आहे म्हणूनच चालतं.

इथं थांबता आलं असतं तर मी सुखानं थांबलो असतो.

मागच्या हिवाळ्यात गुलाब गुरुजींनी बोलावलं. चिरलेल्या दोन चौकटी बदलायच्या होत्या आणि त्यांना दुसऱ्या कोणाला विचारता येत नव्हतं. निर्मलाबाई कधीच निवृत्त झाल्या. आबा राहिले नाहीत. मापं घेऊन मी ती ओट्यावर बसून वहीत लिहीत होतो तेव्हा एक तरुण बाई एका लहान पोरीला घेऊन आली, तिचं नाव घालायला. केळीच्या चिकाचे काळे डाग पदरावर, हातांवर. गुरुजी माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "साहेब, ही रुमली. ही तिच्या बहिणीची मुलगी."

ती होळीनंतर खाली उतरली ती परतलीच नव्हती. गुरुजी जूनमध्ये आले तेव्हा तिचं घर रावेरकडच्या एका बागेत राहायला गेलं होतं. पुढे गुरुजी दोनदा शोधत गेले. पहिल्या वेळी ती भावाला सांभाळत होती, दुसऱ्या वेळी तिला स्वतःला मजुरी लागली होती.

मी कोण ते तिला माहीत नव्हतं. ती आत गेली आणि मापांसाठी लावून ठेवलेल्या फळ्यांपाशी उभी राहिली. मग भाचीचं बोट धरून पहिल्या फळीच्या आकड्यावर ठेवलं आणि मराठीत म्हणाली, "एक." पोरगी म्हणाली, "एक." अशी ती एकेक फळी पुढे सरकत गेली. न अडखळता, न चुकता, अकराव्या फळीपर्यंत. पोरगी खुशीत आली होती, तिनं पुढच्या कोऱ्या भिंतीवर बोट ठेवलं आणि मावशीकडे पाहिलं. रुमली हसली, माझ्याकडे वळली आणि खानदेशीत म्हणाली, "बाबा, आथीन फुडे माले येत नही. गुरुजी शिकाडतीन तिले."

बारा शिकवायला गुलाब गुरुजी तिच्या वेळी हवे होते. त्यांना परत आणणारा कागद लिहायला मला पाच मिनिटं लागली, आणि ती पाच मिनिटं काढायला मी अडीच महिने घेतले. मी टेप उचलला आणि चौकटीचं माप परत घेतलं, कारण पहिल्यांदा घेतलेलं मला वाचता येत नव्हतं.